चलन कुणाच्या नावावर?

या अंकासाठी आलेली ड्रायव्हर मंडळींची पत्रं वाचताना मार्केट यार्डातलं माझं जुनं टेबल सारखं डोळ्यांसमोर येत होतं. सांगलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी चोवीस वर्षं नोकरी केली. हळदीची पोती, बेदाण्याचे बॉक्स, गुळाच्या भेल्या घेऊन तिथून गाड्या सुटायच्या, आणि गाडीवर ठेवायच्या ड्रायव्हरचे कागद आधी माझ्यासमोर यायचे. माझे वडीलही ट्रकवरच होते. या वेळी बहुतेक पत्रांत एकच काळजी आहे : वाहतुकीच्या दंडाचं चलन झालंय, पुढची नोकरी मिळेल का? नाव कुणाचंच छापलेलं नाही, फक्त गाव दिलं आहे.

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला, वय २७. चार वर्षं एका मालकाच्या बारा चाकी गाडीवर आहे. बेदाणा, हळद, आणि परतीला मिळेल तो माल. शिरवळच्या एका कंपनीत कायमची जागा निघाली आहे. त्यांनी लायसन्स, अनुभवाचा दाखला आणि चलनाचं रेकॉर्ड मागितलं. गाडीचा नंबर टाकून बघितलं तर ११ चलनं निघाली. त्यातली सहा-सात मला माहीतही नाहीत. मालक म्हणतो, गाडी तुझ्या हातात होती, पैसे तुझ्या पगारातून कापणार. ही ११ चलनं कंपनी माझ्या नावावर धरेल का? मित्र म्हणतात, गाडीचा नंबरच सांगू नकोस.

उत्तर : दादा, नंबर लपवू नका. अनुभवाच्या दाखल्यावर तो येतोच, आणि नाही आला तरी मुलाखतीत पहिला प्रश्न तोच असतो, "कुठली गाडी चालवत होता?" तिथं अडखळलात की समोरचा माणूस चलनं विसरेल, तुमचं अडखळणं विसरणार नाही.

आता त्या ११ चलनांचं बघू. कॅमेऱ्याला नंबरप्लेट वाचता येते, स्टेअरिंगवर बसलेल्याचं नाव वाचता येत नाही. म्हणून महामार्गावर कॅमेऱ्यानं टिपलेलं चलन गाडीच्या नंबरावर चढतं आणि मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो. तुम्हाला माहीत नसलेली सहा-सात चलनं बहुधा अशीच आलेली असणार. त्या वेळी गाडी कोण चालवत होतं असं पोलिसांनी विचारलं, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे ते सांगणं मालकाला भाग आहे. नाक्यावर गाडी बाजूला घेऊन पोलिसानं तुमचं लायसन्स मागितलं आणि त्याचा नंबर हातातल्या मशीनवर टाकला, तर मात्र ते चलन थेट तुमच्या लायसन्सला चिकटतं. केंद्राच्या ई-चलन साइटवर गाडीच्या नंबराने शोधता येतं तसं लायसन्सच्या नंबरानेही शोधता येतं. आज जेवण झालं की पहिलं काम ते करा. तुमचा लायसन्स नंबर टाका आणि काय निघतं ते बघा. तुमचं रेकॉर्ड म्हणतात ते आधी तिथं असतं.

हे मी एवढ्या आग्रहानं सांगते त्याला कारण आहे. ई-चलन आपल्याकडं नवं होतं तेव्हाची गोष्ट. मिरजेकडचा एक ड्रायव्हर कामासाठी आला. पन्नाशीच्या आतला, शांत माणूस. लायसन्स प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच पाकिटात मागच्या बाजूला विठोबाचा फोटो. तो आधी ज्या गाडीवर होता तिचा नंबर मी कॉम्प्युटरवर टाकला. १४ चलनं. मी त्याला काही विचारलंसुद्धा नाही, "जागा भरली" म्हणून सांगितलं. खरं कारण त्याला बाहेर कुणीतरी सांगितलं असावं. आठ दिवसांनी तो परत आला, हातात एक खिशातली डायरी घेऊन. माझ्यासमोर उघडली आणि म्हणाला, "ताई, एकेक तारीख वाचा." त्या गाडीवर तिघं जण आळीपाळीनं होते. १४ पैकी तीन तारखांना गाडी त्याच्या हातात होती, त्यातलं एक चलन पीयूसी संपल्याचं. एका तारखेपुढं 'आईचं वर्षश्राद्ध, घरी' असं बॉलपेननं लिहिलेलं मी स्वतः वाचलं. तोवर जागा खरोखरच भरली होती. मी आधी खोटं बोलले होते हे त्यालाही कळलं होतं. त्यानं डायरी मिटली, माठातलं पाणी प्यायला आणि गेला. त्यानंतर गाडीच्या नंबरावरून मी कुणालाही परत पाठवलं नाही, आधी तारखा विचारल्या. पण त्या माणसाची नोकरी माझ्यामुळं गेली ती गेलीच.

म्हणून तुम्हीही तारखांपासून सुरुवात करा. राज्याच्या वाहतूक चलनाच्या साइटवर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनं दिसतात, फोटोही बहुतेक वेळा असतो. अकराच्या अकरा कागदावर उतरवा. तारीख, वेळ, ठिकाण, कारण. प्रत्येकापुढं त्या वेळी तुम्ही कुठं होता ते लिहा. बिल्टी म्हणजे मालाची पाठवणी पावती, डिझेलची पावती, त्या दिवशी घरी असल्याचा काही पुरावा, जे हाताशी असेल ते. मग कारणं बघा. इन्शुरन्स, पासिंग, पीयूसी, नंबरप्लेट ही मालकाच्या कपाटातली कामं आहेत. कागद नसलेली गाडी चालवणाऱ्यालाही कायद्यानं दोष लागतो, तेव्हा ते अगदी अंगावेगळं करता येत नाही, पण नोकरीवर ठेवणारा त्यावरून तुमचा हात जोखत नाही. वेग, सिग्नल, लेन, मोबाइल यांवरून जोखतो. मी तरी तसंच जोखत होते. चार वर्षांत बारा चाकीवर वेगाचं एखादं चलन म्हणजे मला काही विशेष वाटायचं नाही. मोबाइलची दोन दिसली की मात्र मी त्या माणसाला गाडी देत नव्हते, मग तो कितीही जुना असो.

पगार कापण्याचं मालकाशी शांतपणे बोला. पगारातून नुकसान वसूल करायचं तर ते कामगाराच्या हयगयीनं झालेलं असावं लागतं, आणि कापण्याआधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. वेतनाचा कायदा हेच सांगतो. तुमची यादी पुढं ठेवा. जी तुमची आहेत ती कबूल करा, उरलेल्यांवर बोट ठेवा. मालक ऐकतच नसेल तर सांगलीत सहायक कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे. पण त्याआधी त्याच्याकडून अनुभवाचा दाखला घ्या, हे मी व्यवहाराचं सांगते. दाखल्यात 'या गाडीवर इतर चालकही होते' एवढी एक ओळ त्यानं लिहून दिली तर तुमचं निम्मं काम झालं.

आणि एक. जे चलन तुमचं नाही ते घाईघाईनं भरून टाकू नका. भरलं म्हणजे मान्य केलं असाच अर्थ होतो. मान्य नसेल तर राज्याच्या त्याच साइटवर आणि तिच्या अ‍ॅपवर तक्रार नोंदवायची सोय आहे. गाडी मालकाच्या नावावर असल्यानं त्याला सोबत घ्यावं लागेल. कंपनीत जाताना ती यादी सोबत न्या आणि त्यांनी विचारण्याआधी टेबलावर ठेवा.

प्रश्न : ताई, आम्ही वाईचे. माझे पती पर्यटकांच्या मिनी बसवर आहेत. महिन्यापूर्वी सुरूरच्या रस्त्याला फोन कानाला असताना पोलिसांनी अडवलं. लायसन्स काढून घेतलं, पावती दिली. दंड आम्ही त्याच आठवड्यात भरला. प्रकरण मिटलं असं समजून ते त्या पावतीवर गाडी चालवत राहिले. आता साताऱ्याच्या आरटीओतून 'लायसन्स निलंबित का करू नये' अशी नोटीस आली आहे. दंड भरल्यावर पुन्हा शिक्षा कशी? जूनपासून इथल्या एका सीबीएसई शाळेच्या बसवर त्यांचं काम ठरल्यासारखं आहे. ते जाईल का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राचं उत्तर मी दोनदा लिहून फाडलं. बरं वाटेल असं लिहिणं सोपं होतं, पण तुम्हाला त्याचा उपयोग नव्हता.

आधी सगळ्यात तातडीचं. ती पावती घेऊन त्यांनी आजपासून गाडी चालवू नये. लायसन्स काढून घेण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींच्या पावत्या लांबून सारख्याच दिसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ च्या पोटकलम २ खाली घेतलं असेल, तर पावतीवर दिलेल्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. पोटकलम ४ खाली घेतलं असेल, तर ते लायसन्स निलंबनाच्या कारवाईसाठी आरटीओकडं जातं, आणि परत हातात येईपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवायला परवानगी नाही. हे पोटकलम वेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू, दुचाकीवर हेल्मेट नसणं, अशा ठरावीक गुन्ह्यांसाठी आहे, आणि चालवताना फोन हातात धरणं कायद्यानं 'धोकादायक ड्रायव्हिंग'मध्येच, म्हणजे कलम १८४ मध्ये धरलं आहे. तुम्हाला नोटीस आली त्यावरून तुमचं पोटकलम ४ चंच दिसतं. पावतीवर आकडा असेल, भिंग घेऊन वाचा. निलंबनाचा हुकूम झाल्यावर चालवताना सापडले तर वेगळा गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. आणि अशात अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी दिलेली भरपाई गाडीमालकाकडून वसूल करायला बघेल. गाडीत माणसं बसलेली असतात, हे तर मी तुम्हाला सांगायला नको.

दंड भरला म्हणजे मिटलं, ही समजूत मी आयुष्यभर ऐकत आले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात स्वच्छ लिहिलं आहे की दंड भरून तडजोड केली तरी लायसन्सवरची कारवाई सुटत नाही. दंड पैशाचा, निलंबन लायसन्सचं. दोन्ही वेगळ्या वाटांनी चालतात. नाक्यावर हे कुणी समजावून सांगत नाही, रांग असते, मागून हॉर्न वाजत असतात, आणि माणूस पैसे भरून सुटलो म्हणत निघतो. तुमच्या पतींचं तेच झालं.

नोटिशीला उत्तर मात्र द्यायचंच. गप्प बसलं तर हुकूम एकतर्फी होईल. नोटिशीत तारीख असेल त्या दिवशी त्यांनी स्वतः जावं, लेखी उत्तर द्यावं, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. फोन कानाला होता तर तो नव्हता असं लिहू नये. किती वर्षं गाडी चालवतात, आधी कधी काही झालं आहे का, घर कशावर चालतं, हे साध्या भाषेत लिहावं. अधिकाऱ्याला म्हणणं ऐकून घेऊन सोडून देण्याचाही अधिकार आहे. निलंबित करायचं तर कारणं लेखी द्यावी लागतात. पहिल्या गुन्ह्याला निलंबन तीन महिन्यांचं असतं. दुसऱ्यांदा सापडले तर लायसन्स रद्दच होऊ शकतं, हे दोघांनीही लक्षात ठेवा. हुकूम पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. निलंबन झालंच तर रिफ्रेशर ट्रेनिंगची अटही कायद्यात आहे. ती कुठं पूर्ण करायची ते त्याच दिवशी विचारून घ्या, म्हणजे तीन महिने संपल्यावर धावपळ होणार नाही.

आता शाळेचं. सीबीएसईनं २०१७ मध्ये आपल्या शाळांना बसबद्दल सूचना पाठवल्या. ड्रायव्हरला अवजड गाडीचा किमान पाच वर्षांचा अनुभव हवा. सिग्नल तोडणं, लेन मोडणं यांसाठी वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा चलन झालेला ड्रायव्हर ठेवायचा नाही. आणि वेग, दारू किंवा धोकादायक ड्रायव्हिंग यांसाठी एकदा जरी चलन झालं असेल तरी ठेवायचा नाही. अशा अटी सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये दिल्लीतल्या शाळांच्या बससाठी घातल्या होत्या, तिथून त्या आल्या. फोनचं चलन १८४ खाली असेल तर ते या 'एकदा जरी' मध्ये बसतं. म्हणजे ताई, ही नोकरी बहुधा हातून जाईल. चलनावर कलम कुठलं लिहिलं आहे ते एकदा तपासा, एवढी एकच फट मला दिसते.

शाळेपासून हे लपवून जूनमध्ये रुजू होण्याचा विचार मनात आला असेल तर काढून टाका. लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की परिवहनच्या साइटवर ते चालू आहे की निलंबित ते दिसतं. ज्या शाळेनं तुम्हाला शब्द दिला तिच्या मुख्याध्यापकांना भेटून झालेलं सांगा. सीबीएसईच्या सूचना बघून ते कदाचित नाही म्हणतील, पण दोन वर्षांनी वाईसारख्या गावात तुमच्या पतींचं नाव पुन्हा निघेल तेव्हा या भेटीची आठवण असेल. मधल्या तीन महिन्यांत मिनी बसच्या मालकाकडं बुकिंगचं, गॅरेजचं काम मिळतं का बघा. मी अशा तीन महिन्यांसाठी माणसांना गोदामात घेतलं आहे, पगार कमी देऊन का होईना. चांगला ड्रायव्हर मालकालाही सोडवत नाही.

प्रश्न : कराडहून लिहितो. मालक आरसी बुकावरच्या वजनापेक्षा पाच-सहा टन जास्त भरायला लावतो. म्हणतो, दंड झाला तर मी भरीन, तुला काय? मला खरंच काही होत नाही का?

उत्तर : होतं. आधी मालकाचा हिशोब बघा. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. पाच टन जादा म्हणजे ३०,०००. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, उतरवण्याचा खर्च वेगळा. काट्यावर यायला नकार देऊन पळ काढला तर ४०,०००. हे सगळं तो भरेलही. पण सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना कळवलं की मालाच्या गाडीतलं ओव्हरलोडिंग, मालाच्या गाडीत माणसं बसवणं, अतिवेग, सिग्नल तोडणं, दारू आणि मोबाइल या गुन्ह्यांत लायसन्स किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. निलंबित होणारं लायसन्स तुमचं आहे, मालकाचं नाही. तीन महिने तो दुसरा ड्रायव्हर बसवेल.

तुमच्या बाजूनं कायद्यात एक गोष्ट आहे. ओव्हरलोड गाडी चालवणारा मालक नसेल, तर मालकाच्या माहितीनं किंवा हुकमानंच ती भरली असं न्यायालयाला गृहीत धरता येतं. त्यासाठी तुमच्याकडं कागद हवा. भरल्यावर वजनकाट्याची पावती घ्या आणि तिचा फोटो लगेच मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, 'एवढं वजन भरलं आहे' असं लिहून. फोटो लगेच, कारण काट्याच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई टिकत नाही. डॅशबोर्डवर उन्हात राहिलेल्या पावत्या मी किती बघितल्या आहेत, दोन महिन्यांत कोऱ्या पांढऱ्या होतात. ड्रायव्हर शपथेवर सांगत असतो की यावर वजन होतं, आणि हातात नुसती चिठ्ठी.

खंबाटकी घाट उतरताना जादा सहा टनांना ब्रेक काय म्हणतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मालकाला एकदा नाही म्हणून बघा. नोकरी बदलायची वेळ आली तर ओव्हरलोडला नकार दिला म्हणून सोडली, असं पुढच्या ठिकाणी बिनधास्त सांगा. माझ्यासमोर कुणी असं सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून ठेवून घेतलं असतं.

प्रश्न : मी जतचा. एसटीत चालक होण्यासाठी तयारी करतो आहे. २०२२ मध्ये माझ्या टेम्पोला एक मोटारसायकल धडकली, माझ्यावर कलम २७९ आणि ३३७ ची (बेदरकार गाडी चालवून इजा केल्याची) केस झाली. मागच्या वर्षी निर्दोष सुटलो. दोन ई-चलनंही आहेत, दंड भरलेला आहे. फॉर्ममध्ये काय लिहू? निर्दोष सुटलो म्हणजे काही नव्हतंच असं धरायचं ना?

उत्तर : नाही, तसं धरू नका. भरलेलं ई-चलन आणि पोलीस ठाण्यात दाखल झालेला गुन्हा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दंड भरून मिटलेली वेगाची किंवा पार्किंगची चलनं चारित्र्य पडताळणीत सहसा आडवी येत नाहीत. अपघाताचा गुन्हा मात्र तुमच्या नावानं ठाण्यात नोंदलेला आहे आणि सुटल्यावरही ती नोंद तिथं सापडते. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जुन्या २७९ च्या जागी आता २८१ आहे. तुमची केस आधीची, म्हणून कागदावर जुनीच कलमं राहतील.)

फॉर्ममध्ये प्रश्न कसा विचारला आहे ते शब्दन् शब्द वाचा. 'कधी गुन्हा दाखल झाला होता का' असं असेल तर उत्तर हो. पुढं केस नंबर, न्यायालय, निकालाची तारीख लिहा आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. नक्कल जतच्या कोर्टातून आजच मागवून ठेवा, फॉर्मची शेवटची तारीख जवळ आल्यावर पळू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात हे सविस्तर सांगितलं आहे. खरं सांगितलं तरी पूर्वेतिहास बघून ठरवायचा अधिकार नोकरी देणाऱ्याला आहे. पण जाणूनबुजून माहिती दडवली तर ते दडवणंच नोकरी जाण्याचं कारण होऊ शकतं. दोन वर्षं एसटी चालवल्यावर पडताळणीचा कागद येऊन घरी बसण्यापेक्षा आज दोन ओळी जास्त लिहा. तुम्ही निर्दोष सुटला आहात, त्यात खाली मान घालण्यासारखं काहीच नाही.

प्रश्न : मी विट्यात छोटा हत्ती, म्हणजे मालाचा लहान टेम्पो चालवतो. लायसन्स कारचं आहे, व्यावसायिक ड्रायव्हरचा बिल्ला नाही. एका दुकानदारानं त्यावरून कामावर घ्यायला नकार दिला.

उत्तर : एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेली मालाची गाडी हलक्या वाहनाच्या, म्हणजे एलएमव्हीच्या लायसन्सवर चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये हे कायम केलं. छोटा हत्ती त्याच्या कितीतरी आत आहे. दुकानदाराला ही ओळ दाखवा.

प्रश्न : मावशी, मी कवठेमहांकाळचा, १९ वर्षांचा. काकाच्या गाडीवर क्लीनर आहे. मला हेवी गाडीचं लायसन्स काढायचं आहे. काका म्हणतो आता कॅमेरे झालेत, पाच वर्षांत रेकॉर्ड खराब होतं आणि कुणी कामावर घेत नाही. मी या धंद्यात येऊ की नको?

उत्तर : बाळा, ये. चांगल्या ड्रायव्हरची वाट बघत उभ्या राहिलेल्या गाड्या मी रोज बघितल्या आहेत. एलएमव्हीचं लायसन्स काढलं नसेल तर आता काढ, कारण ते एक वर्ष जुनं असल्याशिवाय व्यावसायिक गाडीचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही, आणि त्यासाठी वय २० पूर्ण लागतं. शिक्षणाची आठवीची जुनी अट २०१९ मध्ये गेली आहे, तरी शाळा सोडली असशील तर रात्री थोडं वाचत राहा. फॉर्म आणि नोटिसा वाचता येणारा ड्रायव्हर कमी फसतो. हेवीचं लायसन्स पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि ज्वालाग्राही मालाचा टँकर चालवायचा तर त्याचं वेगळं ट्रेनिंग आणि नोंद लागते. तिथं पगार बरा असतो, रेकॉर्डही तेवढंच काटेकोर बघतात.

काकाला कॅमेऱ्याची भीती वाटते, पण तुझ्या वयाला मला फोनची जास्त वाटते. गाडी सुरू केली की तो डॅशबोर्डच्या खणात टाक.

आणि क्लीनर असतानाच एक शंभर पानी वही कर. माझ्या वडिलांची अशी वही होती, शिसपेन दोऱ्यानं बांधलेली. प्रत्येक ट्रिपला एक ओळ : तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठं, किती वाजता गाडी ताब्यात घेतली, काट्यावरचं वजन, किती वाजता कुणाच्या ताब्यात दिली, आणि शेवटच्या रकान्यात कुणी अडवलं असेल तर जागा आणि कारण. गाडी घेताना टेललाइट, टायर, पीयूसीची तारीख बघून तेही लिही. काकालाही तुझ्या वहीवर सही करायला सांग, गाडी त्याच्याकडं देशील तेव्हा.